शिट्टीची खोळ

रत्नमालेची जीभ सकाळपासून जागेवर ठरत नव्हती. बोलणं तिनं केव्हाच कमी केलं होतं, पण तोंड मिटलं की जीभ आपली गालाच्या आत जायची, तिथल्या पांढुरक्या चट्ट्यावरून फिरायची, मग टाळूला लागायची, मग पुन्हा गालात. दुखत काहीच नव्हतं. दुखलं असतं तर तिला बरं वाटलं असतं, कारण कॅन्सर आधी दुखत नाही असं कॉलनीतल्या सगळ्या बायकांचं मत होतं, आणि असल्या बाबतीत मत नसलेली बाई जयपूरच्या रेल्वे कॉलनीत शोधून सापडली नसती.

तिनं कणीक मळायला घेतली, ती अर्धी टाकून दोरीवरचे कपडे काढायला गेली, निम्मे कपडे काढून पुन्हा आत आली. पोटात पाचवा महिना होता. लग्नाला आठ वर्षं झाल्यावर, देव आणि डॉक्टर दोघांनाही दमवून झाल्यावर दिवस राहिले होते. आणि आता हे तोंड. बाळ यायच्या आधी आपण गेलो तर, आणि बाळ आल्यावर गेलो तर, यातलं जास्त वाईट कुठलं, हे तिचं मन दिवसभर ताडून बघत होतं आणि काही केल्या ठरत नव्हतं.

"बस की गं जरा," मागच्या दारातून सासू म्हणाली. "किती येरझाऱ्या घालतीयास. बघून मलाच घेरी याय लागली."

सासूचं नाव भागुबाई. साताऱ्याकडच्या रिवाजाप्रमाणं रत्नमाला तिला आत्या म्हणे. आत्या उंबऱ्यावर बसून बोटानं मिश्री लावत होती, आणि रत्नमालेला बसवत नव्हतं त्याचं अर्धं कारण तेच होतं. मिश्री म्हणजे तव्यावर कोळसा होईस्तोवर भाजलेली तंबाखू. दात घासायला म्हणून ती बोटावर घ्यायची, आणि दात घासून झाले तरी बोट काही तोंडातून काढायचं नाही. नवी नवरी म्हणून आली तेव्हा आत्यानंच तिला ही सवय लावली होती. नवऱ्याची, दशरथची, बदली जयपूरला झाली, मागं गाव राहिलं, शेत राहिलं, बोलायला माणूस राहिलं नाही. मिश्रीची डबी मात्र ट्रंकेतून नीट आली. इथं तंबाखू भाजायला घेतली की शेजारची मारवाडी बाई धावत यायची, "क्या जल गया, भाभीजी?" म्हणून, आणि या दोघी सासवा-सुना "मंजन, मंजन" म्हणून वेळ मारून न्यायच्या.

आता ती डबीही नव्हती. तोंडात चट्टे उठल्यावर डॉक्टरीणबाईंनी मिश्री बंद करायला सांगितली आणि दशरथनं तर डबी सरळ नाल्यात भिरकावली. "मतलब, विष आहे हे! दोघीही सोडा!" असं तो सगळ्या कॉलनीला ऐकू जाईल असं ओरडला होता. आत्यानं आपली दुसरी डबी तांदळाच्या पिंपात लपवली आणि तिचं चालू राहिलं. रत्नमालेनं खरोखरच सोडली. डोकं ठणकायचं, पोट साफ होत नव्हतं, सारखी चिडचिड व्हायची, हातांना काय करावं कळायचं नाही. तरी सोडली. आणि चट्टे कमी व्हायचे ते वाढले.

दशरथ मालगाडीवर गार्ड होता. घरातून निघाला की चार-चार दिवस लाइनवर, परक्या गावच्या रनिंग रूममध्ये झोपायचं, मिळेल ते खायचं. माणूस हौशी. ड्यूटीवर निघताना फाटकाशी थांबून एकदा शिट्टी वाजवायचा. ती ऐकली की रत्नमालेनं हातातलं काम टाकून दारात यायचं, मग तो हिरवा बावटा दाखवल्यासारखा हात हलवून जायचा. लोक हसायचे. हसू देत. आठ वर्षांच्या रिकाम्या घरात तेवढी एक गंमत होती.

त्या शिट्टीवरून तर या उन्हाळ्यात केवढं रामायण झालं होतं. मे महिन्यात तो एका फेरीवरून आला तो खालच्या ओठावर हा एवढा फोड घेऊन. राजस्थानचं ऊन, गार्डाच्या डब्याच्या, ब्रेकव्हॅनच्या, पत्र्यावर राहिलेली पितळी शिट्टी, घाईत तशीच तोंडाला लावली, भाजलं, असं तो म्हणाला. फोड फुटून तिथं टणक कडेची जखम झाली आणि महिनाभर हटली नाही. आत्यानं रोज लोणी लावलं. रत्नमालेनं शिट्टीला शिव्या घातल्या आणि मग आपल्या जुन्या खणाच्या चोळीचा एक काठ कापून शिट्टीला खोळच शिवली: तोंडाकडची बाजू झाकणारी, तांबडी, कडेला हिरवी वीण. गार्ड लोकांनी दशरथची पुष्कळ थट्टा केली. पण तो खोळ काढायचा नाही. "बायकोनं शिवलीय," म्हणायचा. ओठ बरा झाला, सगळे विसरले.

आता मात्र तो दिसायलाच दुर्मीळ झाला होता. घरी आला की डाळिंब आणायचा, दुधात तूप घालून प्यायला लावायचा, मिश्रीच्या नावानं दोनदा बोटं मोडायचा आणि दुसऱ्याची ड्यूटी मागून घेऊन निघून जायचा. आज डॉक्टरीणबाई चट्ट्याचा तुकडा काढून तपासायला पाठवणार होत्या. येतो म्हणाला होता, आणि काल दुपारीच गाडी घेऊन गेला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण रत्नमालेला तेव्हा तसलं काही सुचलं नाही. बिचाऱ्याला माझं मरण बघवत नाही, एवढंच तिला वाटलं, आणि त्याच्याबद्दल तिचा जीव आणखीच तुटला.

शेवटी आत्या आणि ती सायकल रिक्षात बसून राजा पार्कला गेल्या.

डॉक्टर शालिनीबाई पुण्याच्या. नवरा लष्करात मेजर, बदली जयपूरला, म्हणून बाईंनी मिठाईच्या दुकानावर एक खोली घेऊन दातांचा दवाखाना थाटलेला. मराठी डॉक्टर आहे कळल्यावर रेल्वेतले लोक तिथंच जायचे. परमुलखात आपल्या भाषेत "आ करा" म्हणणारं कुणी भेटलं की निम्मं दुखणं पळतं. पहिल्या खेपेला बाईंनी रत्नमालेचा ओठ खाली ओढला, काळ्या हिरड्या बघितल्या आणि तोंडाचा पट्टाच सोडला होता. शिकल्या-सवरल्या घरात, गरोदर बाई, आणि मिश्री! लाज नाही वाटत?

आज त्यांनी आरडाओरडा केला नाही. खुर्ची मागं कलवली, दिवा पुढं ओढला.

"मिश्री सोडली?"

"सोडली."

"खरं सांगा हं."

"तिनं सोडली, मी साक्ष हाय," कोपऱ्यातून आत्या म्हणाली. "आन काय उपेग झाला? तुमी उगं मिश्रीला नावं ठिवताय, बाई. पन्नास वर्सं लावतीया मी. माझ्या तोंडात कुटं काय हाय? बघा की!"

"आजी, तुमचं नंतर बघते."

"आत्ता बघा!" म्हणत आत्या उठलीच. सून खुर्चीवरून धड उतरली नाही तोवर सासू तिच्या जागी बसून, पदर सावरून, आ वासून मोकळी झाली. मिश्रीवर आळ आला म्हणजे आपल्या घराण्यावर आला, असं तिला वाटत असावं.

शालिनीबाईंना हसू आलं. हसतच त्यांनी आरसा आत घातला. मग हसू थांबलं. म्हातारीच्या हिरड्या तव्यासारख्या काळ्या होत्या, आणि खालच्या ओठाच्या आत, जिथं बोट वर्षानुवर्षं फिरलं, तिथं कातडी जाड, सुरकुतलेली, पांढरट. तेवढंच. टाळू स्वच्छ, जीभ स्वच्छ, घसा स्वच्छ.

त्यांनी सुनेला पुन्हा बसवलं. आता त्या ओठाकडं बघतच नव्हत्या. टाळू बघितली, जीभ उचलून खालून बघितली, घशात दिवा मारला. गोगलगाय चालून गेल्यावर ओल उरते तसे करडे-पांढरे पट्टे तिथवर गेले होते. मिश्रीचं बोट घशापर्यंत कधीच जात नाही. बाईंनी आरसा ट्रेमध्ये ठेवला, उठून साबणानं हात धुतले, बराच वेळ धुतले, आणि कपाटातून रबरी मोजे काढून चढवले.

रत्नमालेची नजर त्या मोज्यांवरच खिळली. एवढ्या खेपा झाल्या, बाईंनी कधी मोजे घातले नव्हते.

"आजी, तुमच्याही ओठाचं काही धड नाही, तुम्हालाही बोलावणार आहे मी," शालिनीबाई म्हणाल्या. "पण आत्ता जरा खाली दुकानात बसा. सूनबाईंना बायकांचं काही विचारायचंय."

आपला विजय झाला की पराजय हे न कळल्यामुळं आत्या कुरकुरत खाली गेली. बाईंनी दार लावलं.

"हात दाखवा. तळहात."

तीजेच्या सणाला शेजारणीनं हौसेनं काढलेली मेंदी केव्हाच फिकी झाली होती. तिच्यामधे तांबूस डाग होते, मसुराएवढे.

"हे कसले?"

"मेंदीचेच असतील. इकडची मेंदी रंगते फार. नीट उतरली नाही."

"चपला काढा." बाईंनी खाली वाकून तिचा पाय उचलून बघितला. तळव्यावर तेच डाग. "आणि तळपायाला मेंदी कोणी लावली?"

शालिनीबाई स्टूल ओढून तिच्या समोर बसल्या, गुडघ्याला गुडघा लागेल अशा.

"ऐका. हा कॅन्सर नाही."

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि ती हसली. चांगली मोठ्यानं हसली, आणि हसता हसता इतकी रडली की बाईंनी कापसाचा बोळाच तिच्या हातात दिला. कॅन्सर नाही! म्हणजे बारसं होणार, बाळाला न्हाऊ घालायला मी असणार, आत्याच्या हाताखाली पोर वाढायचं नाही. खुर्चीतून उडी मारून खाली जावं आणि मिठाईच्या दुकानातून घेवर आणून बाईंच्या तोंडात घालावा असं तिला झालं.

"तुमचा तुकडा कापायला निघाले होते मी," शालिनीबाई खाली बघत म्हणाल्या. त्यांचा आवाज रागावलेला होता, आणि राग स्वतःवरच होता. "माझी मावशी मिश्रीनं गेली. काळ्या हिरड्या बघितल्या की मला पुढचं काही दिसतच नाही. इथल्या एखाद्या डॉक्टरला मिश्री माहीत नसती. त्यानं पहिल्याच दिवशी तुम्हाला चार प्रश्न विचारले असते. मी एकही विचारला नाही. आता विचारते. तुमच्या ओठाच्या आत, या चट्ट्यांच्या आधी, एखादा फोड आला होता?"

"आला होता, जूनमध्ये. मिश्री लागून. गेला आपोआप."

"आणि तुमच्या मिस्टरांना? ओठावर, तोंडात, कुठं काही?"

रत्नमालेनं शिट्टीची गोष्ट सांगितली. सगळी सांगितली, ऊन, पत्रा, लोणी, आणि थोड्याशा अभिमानानं खोळसुद्धा. सुखाच्या भरात माणूस बोलतच सुटतं. शालिनीबाई मधे एकदाच बोलल्या.

"दुखत होतं का त्यांना?"

"नाही हो, तेच तर नवल. एवढं भाजलेलं, पण दुखत नव्ह..."

आणि ती थांबली. आपणच म्हटलेलं आपल्याच कानांनी ऐकलं की कधी कधी माणसाला अक्कल येते. चुलीपाशी उभं आयुष्य काढलेली बाई ती. भाजल्यावर किती आग होते हे तिला सांगायला डॉक्टर लागत नव्हता.

बाईंनी मग आडपडदा न ठेवता सांगितलं. या रोगाला आपल्याकडं गरमी म्हणतात. जिथून शिरतो तिथं आधी एक जखम होते, न दुखणारी. ती बुजते, माणसाला वाटतं गेलं, पण रोग रक्तात राहतो आणि काही आठवड्यांनी तोंडात, तळहातांवर असा वर येतो. त्यांच्या ओठाला जखम होती तेव्हा तो तुमच्या ओठाला लागला. रक्त तपासू म्हणजे खात्री होईल. औषध आहे, चांगलं आहे, पेनिसिलिनच्या सुया. पोटातल्या बाळाला जपायचं तर लवकर घ्यायला हव्यात. आणि दोघांनी घ्यायला हव्यात, एकट्या तुम्ही घेऊन भागायचं नाही.

रेल्वेच्या कडेच्या भिंतींवर मोठ्या अक्षरांत रंगवलेलं 'गुप्त रोग' तिनं गाडीतून हजारदा वाचलं होतं. हिंदी शिकायला म्हणून ती भिंती वाचायची. तो शब्द भिंतीवरून उतरून आपल्या तोंडात येऊन बसेल हे तिच्या स्वप्नातही नव्हतं.

"हा पुरुषांचा असतो ना?" तिनं विचारलं.

"आणतात बहुतेक तेच," शालिनीबाई म्हणाल्या. "पण राहतो सगळ्यांकडं."

खाली आत्या घेवराचा पुडा घेऊन बसली होती. "काय म्हनली?"

"कॅन्सर नाही, आत्या."

"मी म्हनलं नव्हतं!" आत्यानं भर बाजारात आकाशाकडं बघून हात जोडले. "आन मिश्रीचं?"

"मिश्रीचं नाही."

चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघालेल्या सगळ्यांचा उद्धार करत आत्या रिक्षात बसली. रत्नमाला शेजारी बसली. आता तिची जीभ गालाकडं जात नव्हती, ओठाकडं जात होती, आतल्या बाजूनं, जिथं तो फोड होता तिथं. त्यांच्या ओठाला जखम होती तेव्हा. तेव्हाही तो हसत हसत जवळ आला होता आणि ती म्हणाली होती, सावकाश, तुमचं दुखेल.

रक्तानं बाईंचंच म्हणणं खरं केलं. आणि मग सुरू झालं वाट बघणं. दशरथची गाडी कुठं तरी अडकली होती. ती फाटकापर्यंत जायची, परत यायची. तो यावा असंही वाटे आणि येऊच नये असंही. काय बोलायचं ते ती मनात जुळवायची, आणि जुळवलेलं दर वेळी विस्कटायचं. बाळ आत हलायला लागलं होतं, नेमकं याच दिवसांत. एरवी तिनं कॉलनीभर पेढे वाटले असते. आता नुसता हात ठेवून उभी राहायची आणि म्हणायची, थांब रे, थांब जरा.

तो आला तेव्हा दुपार होती. अंगावर कोळशाची धूळ, एका हातात पेटी, दुसऱ्या हातात सीताफळांची पिशवी.

"काय म्हणाली डॉक्टरीण?" दारातूनच त्यानं विचारलं. तोंड सुकलेलं होतं.

"कॅन्सर नाही."

तो मटकन खाली बसला. पेटीवरच बसला. दोन्ही हातांनी त्यानं तोंड झाकलं आणि त्याचे खांदे हलायला लागले. ते रडणं खोटं नव्हतं. रत्नमालेला त्यातलं सुखसुद्धा कळलं, आणि क्षणभर तिला वाटलं, सांगूच नये. असंच राहू द्यावं. पण हात पोटावर होता.

"उद्या तुम्हाला माझ्याबरोबर यायचंय," ती म्हणाली. "दोघांनाही सुया घ्यायच्यात. पेनिसिलिनच्या."

"मला कशाला?"

"तुमच्या ओठाला जे झालं होतं, तेच माझ्या तोंडात आलंय. गरमी म्हणतात त्याला. रक्तात निघाली."

दशरथचे हात खाली आले. चेहऱ्यावरचं सगळं एकदम बदललं. गाडी चुकीच्या रुळावर गेल्याचं गार्डाला कळतं तेव्हा तो असाच दिसत असावा. "शिट्टीनं भाजलं होतं ते," तो म्हणाला.

"भाजलेलं दुखतं."

"त्या बाईला काय कळतं? दातांची डॉक्टर ती! मतलब, काहीही बोलेल?" आवाज चढत गेला. "तुझं तोंड मिश्रीनं सडलंय, आणि आता माझ्यावर ढकलायचं? वड्याचं तेल वांग्यावर? आणि असलंच काही असेल तर मी चार-चार दिवस लाइनवर असतो. इथं मागं कोण येतं, कोण जातं, मला काय माहीत?"

रत्नमालेला वाटलं कानाखाली बसली. एवढ्या जुळवण्या केल्या होत्या, पण हे वाक्य तिनं कधी जुळवलंच नव्हतं. कुठली बाई जुळवते? आणि तिला तेही दिसलं की हे वाक्य चालेल. कॉलनीत चालेल, गावाकडं चालेल, माहेरीही चालेल. चट्टे तिच्या तोंडात होते. त्याचा ओठ बरा होऊन गुळगुळीत झाला होता. पोटातल्या बाळाकडंसुद्धा उद्या बोट दाखवलं जाईल.

मागच्या दारात पिंक टाकल्याचा आवाज झाला. मग खळखळून चूळ भरल्याचा. आत्या तोंड पुसत आत आली. बोट अजून काळं होतं.

"दशरथा," ती म्हणाली, "ओठ आदी तुजा फुटला हुता."

"आई, तू यात..."

"मला त्यो रोग कळत न्हाई. पर आदी कुनाला झालं ते कळतं. उन्हाळ्यात तुज्या ओठाला झालं. लोनी मी लावलं, ह्याच बोटानं. हिला त्याच्या म्हागनं झालं. मिश्रीला शिव्या दिल्यास, मी ऐकून घेतल्या. डबी टाकलीस, ती बी टाकू दिली. हिला नगं बोलूस."

बाहेर शंटिंग चाललं होतं. डबे एकमेकांवर आपटत होते. दशरथनं आईकडं बघितलं, मग जमिनीकडं, आणि मग तो बारीक आवाजात म्हणाला, "ते आपोआप बरं झालं होतं, रतन. मला वाटलं गेलं. एकदाच, फक्त..."

"कुठं आणि कोण, मला नका सांगू," रत्नमाला म्हणाली. तिचाच आवाज तिला परका वाटला. "सांगितलंत तर मला रोज तेच दिसेल. उद्या चला आणि सुई घ्या. आत्ताचं बोललात ना, ते मात्र मी ऐकलंय."

तो काही तरी म्हणायला गेला. ती उठून स्वयंपाकघरात गेली, आणि सकाळची राहिलेली भांडी घासायला बसली.

दुसऱ्या दिवशी तो गेला. शालिनीबाईंनी ओळखीच्या मोठ्या डॉक्टरांकडं चिठ्ठी देऊन पाठवलं. जाडजूड सुई बघून गार्डसाहेबांना घेरी आली आणि दोघा कंपाउंडरांनी त्यांना धरलं; रत्नमालेनं तेवढ्यात आपली घेऊनही टाकली. त्या रात्री तिला सणकून ताप भरला. असा ताप येईल, घाबरू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं तरी दशरथ कपाळावरच्या ओल्या पट्ट्या बदलत बसून राहिला. ती डोळे मिटून पडली होती. त्याचा हात कपाळाला लागला की तिला बरंही वाटत होतं आणि तो झिडकारावासाही वाटत होता, आणि यातलं काहीही करायची ताकद तिच्यात नव्हती. पहाटे ताप उतरला. बाळानं आतून लाथ मारली, चांगली सणसणीत.

पुढच्या सुयाही झाल्या. चट्टे विरत गेले, तळहात साफ झाले. बाळ जन्मलं की त्याचंही रक्त बघू, पण वेळेत सापडलं, आता काळजी करू नका, असं शालिनीबाई म्हणाल्या. वर, मिश्री आता पुन्हा धरलीत तर मीच येऊन थोबाडीत देईन, असंही म्हणाल्या. घरात सगळं चालू राहिलं. ती त्याला वाढत होती, त्याचा डबा भरत होती, विचारलं तेवढं बोलत होती. सीताफळांची पिशवी कोपऱ्यात तशीच पडून सडली, तेव्हा आत्यानं ती न बोलता बाहेर टाकली.

एका सकाळी दशरथ ड्यूटीवर निघाला. पेटी उघडून बावटे बघितले, कंदील बघितला, आणि शिट्टी हातात घेतली. ती बोडकी होती. पितळ लखलखत होतं.

"खोळ कुठाय गं?"

रत्नमाला खिडकीपाशी उजेडात बसली होती. मांडीवर खणाचं कापड, बाळाच्या कुंचीचं. खोळीची वीण तिनं उसवली होती, कपडा उकळून, धुऊन, इस्त्री करून सरळ केला होता आणि कुंचीच्या पाठीला गोंड्याच्या जागी तो लावत होती.

"आता ऊन उतरलं," ती म्हणाली. "नाही भाजायचं."

त्यानं बोडकी शिट्टी तशीच खिशात टाकली. मग टोपी घातली, पेटी उचलली, आत्याच्या पाया पडला. एरवी तो पाया पडत नसे. पायरी उतरून गेला.

फाटकाशी शिट्टी वाजली. एकदा. मग बऱ्याच वेळानं आणखी एकदा, जरा हळू.

"शिट्टी वाजली गं," आत्या मागच्या दारातून म्हणाली.

"ऐकली, आत्या," रत्नमाला म्हणाली, आणि दातानं दोरा तोडून तिनं सुईत नवा ओवला.